दहा दिवसांची संत्री

आधीच सांगून टाकतो – असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हे सदर मी आजवर वाचत आलो ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला आणि मग दोघांनी मिळून हसायला. पिंपळ, अमावास्या, मागून हाक मारणारी बाई... सगळं वाचून झालं की मी विचारायचो, "ते ठीक, पण बाई कोणत्या दिशेने आली?" सौंसरच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. जे मोजता येत नाही त्याच्या नादी लागायचं नाही, एवढं साधं माझं धोरण. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको स्वयंपाकघरात हसून राहिली आहे. हसू दे.

एक सूचना – यात भूत नाही. जे घडलं ते भर उन्हात, दहा-बारा माणसांसमोर घडलं, आणि चांगलंच घडलं. ज्यांना घाबरायचंच असेल त्यांनी सरळ पान उलटावं.

सत्त्याऐंशी साल, फेब्रुवारीचा शेवट. सौंसरजवळ बोरगावला आमची संत्र्याची बाग होती, सव्वादोनशे झाडं. वडील गेल्यापासून आईच रोज सौंसरच्या घरून जाऊन बाग पाहायची. मी रविवारी सायकलवर जाऊन सल्ले द्यायचो आणि ते कोणी ऐकायचं नाही. माझी धाकटी बहीण कुंदा लग्नानंतर आफ्रिकेत गेली होती – झांबिया देश, लुसाका शहर. तिचे यजमान तिथे गणित शिकवायचे.

जानेवारीत कुंदाचं पत्र आलं. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे आनंद बाजूला ठेवून आम्ही पत्र पुढे वाचलं. आता पाचवा महिना लागला होता आणि तिच्या पोटात काही म्हणजे काही टिकत नव्हतं. पेज नाही, दूध नाही, पाणीसुद्धा उलटून पडायचं. दोनदा दवाखान्यात सलाईन लावून झालं होतं. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "आई, आपल्या बागेतलं संत्रं मिळालं तर ते पोटात राहील असं सारखं वाटतं. इथली संत्री खाऊन पाहिली, नाही जमलं. वेडेपणा आहे, मला कळतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लावून घेऊ नकोस म्हटल्यावर आई कशाची ऐकते! त्या दिवशी ती जेवली नाही. "लेकीचे डोहाळे पुरवता येत नसन तं ही सव्वादोनशे झाडं काय जाळाची हायेत?" असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. जणू काही समुद्र मीच मध्ये आणून ठेवला होता.

पण योग पाहा – कुंदाच्या यजमानांच्याच शाळेतले एक शिक्षक, प्रभाकर, हे पांढुर्ण्याचे. महिनाभराच्या रजेवर घरी आले होते आणि फेब्रुवारीअखेर परत लुसाकाला निघणार होते. मी बसने पांढुर्ण्याला गेलो, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आणा, पण चार किलोच्या वर नको."

झालं! माझ्या अंगात भूगोल संचारला. शाळेचा पृथ्वीगोल काढला, मुंबईवर आणि लुसाकावर बोट ठेवून ताणून दोरा लावला, नववीच्या वर्गाकडून तो मोजून घेतला. सहा हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास आलं. विमान ताशी आठशे-साडेआठशेने जाणार, म्हणजे साडेसात तासांच्या आसपास. वाटेत एका ठिकाणी उतरणार, तो वेळ धरून नऊ तास. आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तेही फळ्यावर मांडलं. रविवारी संत्री तोडायची, संध्याकाळी पांढुर्णा, सोमवारी रेल्वे, मंगळवारी मुंबई, बुधवारी पहाटेचं विमान आणि बुधवारीच कुंदाच्या हातात संत्रं. चौथा दिवस! नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आठवडाभर मी हेच सांगत होतो. लोक मला पाहून चहा लवकर संपवायला लागले होते.

आता शेवंताबाईबद्दल सांगायला हवं. आमच्या बागेत तोडणीला येणाऱ्या बायांची ती मुख्य. वय साठीचं, वडिलांच्या वेळेपासूनची. आमच्याकडे संत्रं झाडावरून उतरवताना ते किती लांब जाणार आहे ते पाहून उतरवतात. नागपूरला जाणारं उद्या खायचं, ते पूर्ण पिवळं. दिल्लीचं तीन-चार दिवसांचं, ते देठाशी हिरवट. कलकत्त्याचं त्याहून कच्चं. शेवंताबाई सकाळी बागेत आली की पहिला प्रश्न – "कुठं जाते?" व्यापाऱ्याने गावाचं नाव सांगितलं की ती फळाखाली तळवा धरायची, देठाजवळ अंगठा दाबायची, आणि कैची लावायची किंवा पुढे जायची. दिल्ली-कलकत्ता तिने पाहिलं नव्हतं. नागपूरही दोनदा.

त्या रविवारी सकाळी नऊला मी बागेत पोचलो. ऊन चांगलं तापलं होतं. दहा-बारा बाया तोडणीला होत्या, आई खोपटाजवळ पेट्या मोजत होती.

"कुठं जाते?" शेवंताबाईने विचारलं.

"लुसाकाला. आफ्रिकेत."

"आपल्या कुंदीकडं ना? किती दिवसाचं पाहू?"

"चार दिवसांचं. बुधवारी तिच्या हातात पडणार."

ती निघाली. पिवळ्याधमक फळांनी वाकलेली झाडं समोर होती, त्यांना हात लावून ती पुढे गेली. एक ओळ, दुसरी ओळ... थेट विहिरीकडच्या शेवटच्या ओळीत जाऊन थांबली. तिथला माल उशिरा यायचा. तिथे तिने देठ आणि दोन-दोन पानं ठेवून दहा फळं कापली. मी पाहिलं तर निम्मी हिरवी!

"शेवंताबाई, अहो हे कच्चं आहे!"

"कच्चंच पायजे. दहा दिवसाचं हाय हे."

"चार म्हटलं ना मी?"

"तू चार म्हणून राहिला, मास्तर. पण हात दहाच्याच फळावर थांबून राहिला, मी काय करू?"

मग मधल्या ओळीतून तिने आणखी दोन फळं घेतली, जरा जास्त पिवळी. ती वेगळ्या फडक्यात बांधली आणि आईला म्हणाली, "वैनी, हे दोन पाचव्या दिवसाचे. हे कुंदीचे नोहत."

"मंग कोनाचे?" आईने विचारलं.

"असन कोनी भुकेलं," एवढं बोलून ती दुसऱ्या झाडाकडे वळली. बाया हसल्या. आईही हसली. मला मात्र राग आला. मी काटकीने मातीत गोल काढला, मुंबई काढली, लुसाका काढलं, विमानाचा वेग सांगितला. शेवंताबाईने कमरेवर हात ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं.

"जहाज जाइन नऊ तासात," ती म्हणाली, "मी कुठं नाही म्हणून राहिली? संत्रं दहा दिवसात जाइन."

आईने ती दहा आणि फडक्यातली दोन, अशी बारा फळं भाताच्या तणसात बसवून बांबूच्या टोपलीत बांधली. तिचा शेवंताबाईवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मी गुपचूप मागे जाऊन झाडावरची सगळ्यात पिवळी, सगळ्यात गोड दिसणारी बारा फळं स्वतःच्या हाताने तोडली, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत गुंडाळून कापडी पिशवीत भरली. भूगोलाच्याच उत्तरपत्रिका होत्या.

आणि त्या संध्याकाळी पांढुर्ण्याला प्रभाकरांच्या हातात दोन्ही देताना मी जे बोललो ते आजही आठवलं की स्वतःच्याच कानशिलात द्यावीशी वाटते. मी म्हणालो, "पिशवीतली कुंदाला द्या. टोपली आईच्या समाधानासाठी आहे, ओझं झालं तर वाटेत टाकून द्या." फडक्यातल्या दोन फळांची गंमतही सांगितली. दोघंही पोट धरून हसलो.

बुधवार उजाडला. प्रभाकर पोचले की कुंदा लगेच तार करणार होती. गुरुवार, महाशिवरात्र – तार नाही. शुक्रवार – नाही. आई दिवसातून तीनदा रेडिओ लावायला सांगायची. विमानाची काही वाईट बातमी नव्हती, तेवढाच आधार. शनिवारी तिने विचारलं, "त्या टोपलीतले तरी पोचले असतीन ना?" तेव्हा मला राहवलं नाही. मी प्रभाकरांना काय सांगितलं ते कबूल केलं. आई चिडली असती तर बरं झालं असतं. उठून ती देवापाशी जाऊन बसली आणि मी भिंतीकडे पाहत बसलो. पृथ्वीगोल, दोरा, साडेतीन तासांचा फरक... सगळ्याची मला लाज वाटायला लागली. बहीण तिकडे झिजत चालली होती आणि मी इकडे शहाणपणा करून ठेवला होता.

रविवारी बागेत गेलो तर शेवंताबाई शिडीवर. आमचे चेहरे पाहून वरूनच म्हणाली, "आज आठवा दिवस हाय ना? मंग आत्ताच कायले तोंडं पाडून बसले?"

गुरुवारी दुपारी, आठवीचा वर्ग चालू असताना, तारवाला शाळेत आला. इंग्रजीतली छोटी तार. प्रभाकर मंगळवारी पोचले, संत्री खाल्ली, पोटात राहिली, काळजी नको – कुंदा. मी तिथेच वर्गात बोटांवर मोजलं. रविवार एक, सोमवार दोन... मंगळवारी दहा. पुन्हा मोजलं. मग एका मुलाला मोजायला लावलं, त्याचंही दहाच आलं. वर्ग तसाच टाकून मी सायकल काढली आणि बोरगाव गाठलं. आईला तार वाचून दाखवली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, पदर कुठे लावावा तिला समजेना. खोपटातला गुळाचा खडा फोडून तिने सगळ्या बायांना वाटला. शेवंताबाईने गूळ तोंडात टाकला, म्हणाली, "चाला, दिल्लीचा माल भरायचा हाय," आणि कामाला लागली!

तीन आठवड्यांनी दोन पत्रं आली, एक कुंदाचं आणि एक प्रभाकरांचं. तेव्हा सगळा उलगडा झाला – म्हणजे जेवढा होण्यासारखा होता तेवढा.

मुंबईहून विमान वेळेवर सुटलं होतं. वाटेत समुद्रातल्या एका बेटावर उतरलं आणि तिथेच बसलं. इंजिनाचा कुठलासा भाग निकामी झाला होता, तो परदेशातून यायचा होता. एक दिवस, दोन दिवस... प्रवासी हॉटेलात. प्रभाकरांनी लिहिलं होतं की जागा फार सुंदर होती, आयुष्यात पहिल्यांदा ते समुद्रात डुंबले. पण हवा दमट. गुरुवारी सकाळी त्यांनी माझी पिशवी उघडली तर आतला चिखल झालेला. बाराच्या बारा सडलेली, उत्तरपत्रिकांना बुरशी. ती त्यांनी फेकली आणि माझा सल्ला आठवून टोपलीही फेकायला निघाले.

हॉटेलच्या व्हरांड्यात एक गुजराती आजी बसल्या होत्या. लुसाकाला मुलाकडे चाललेल्या, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. बेटावर उतरल्यापासून त्या घरच्या खाकऱ्यांवरच होत्या आणि त्या दिवशी महाशिवरात्रीचा उपास. हॉटेलवाले फळं द्यायचे ती कापून, बशीत मांडून. ज्या सुरीने मासे कापतात त्याच सुरीने पपई कापली असणार, म्हणून आजींनी कशालाही हात लावला नव्हता. उन्हाने आणि भुकेने त्यांना घेरी येत होती. प्रभाकरांना फडकं आठवलं. त्यांनी टोपली सोडली. दहा फळं अजून हिरवटच होती, पण फडक्यातली दोन – पिवळी झालेली, साल सुटलेली, बरोब्बर खाण्याजोगी! आजींनी स्वतःच्या हाताने सोलून दोन्ही खाल्ली आणि म्हणाल्या की इतकं गोड फळ गुजरातेतही खाल्लं नव्हतं.

प्रभाकरांनी पुढे लिहिलं होतं, "सर, मी दिवस मोजले. पाचवा होता. मग टोपली फेकायची माझी हिंमत झाली नाही. पुढचे पाच दिवस ती मी उशाशी घेऊन झोपलो."

आणि कुंदाचं पत्र. मंगळवारी दुपारी टोपली उघडली तेव्हा दहाही फळं पिवळी होती आणि पानं सुकून देठाला चिकटलेली. यजमान घमेलं घेऊन उभे, प्रभाकर दारात उभे, आणि ही एकेक फोड तोंडात टाकत होती. एक संत्रं संपलं. एक तास गेला. काही झालं नाही. "मग आम्ही तिघंही खूप हसलो, आई, आणि मग मी पुष्कळ रडले," असं तिने लिहिलं होतं. रोज दोन, असं पाच दिवस तिने ती पुरवली. तोवर पेज राहायला लागली, मग भात. जूनच्या शेवटी तार आली – मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आता राहिला प्रश्न शेवंताबाईचा. पत्रं आली त्याच दिवशी मी तिला विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"विमान अडकणार ते. दहा दिवस लागणार ते."

"मले काय मालूम जहाजाचं? हात थांबला तिथं कैची लावली. दिल्लीच्या मालालेही तसंच करतो आमी."

"आणि पाचव्या दिवसाची दोन? भुकेलं कोणीतरी असेल म्हणालात ती?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मी म्हणलं असं? नाही बा."

आईने सांगितलं, बायांनी सांगितलं, फडकंसुद्धा तिच्याच लुगड्याचं होतं. तिला काही केल्या आठवेना. शेवटी मीच, भूगोलाचा मास्तर, चाचरत म्हणालो की यात काही दैवी वगैरे... तशी ती खवळली. "मले देव-गिव लावू नको, मास्तर! आमी बुद्धाचे लोक, असलं काही मानत नाही. तू शिकलेला मानूस, तू कायले मानून राहिला?" म्हणजे त्या बागेत आम्ही दोघंही न मानणारे, आणि जे झालं ते आमच्या दोघांच्या मधोमध पडलेलं!

हे ज्याला सांगितलं त्याने काहीतरी तोडगा काढलाच. कोणी म्हणालं, मुरलेली बाई, लांबचा प्रवास ऐकून तिने काही दिवस जास्तीचे धरले. पण तोडणीतलं ज्याला कळतं तो हे म्हणणार नाही. चौथ्या दिवशी खायला दहा दिवसांचं फळ दिलं तर तोंड वाकडं होतं, आणि शेवंताबाईने कुंदाला आंबट खाऊ घालणं शक्यच नव्हतं. कोणी म्हणालं, निव्वळ योगायोग. असेल. पण एकाच टोपलीत दोन योगायोग, तेही दिवस सांगून? पुढे मी तिला मुद्दाम तीनदा पारखलं. कुणी मुंबईला निघालं, कुणी इंदूरला, की संत्री तोडायला सांगायचो. ती विचारायची, "किती दिवसाचं?" मी सांगेन तितक्याच दिवसांचं द्यायची आणि ते तितकेच दिवस टिकायचं. तसं पुन्हा कधी झालं नाही. शेवंताबाई बऱ्याच वर्षांनी गेली, तोवर ते गुपित – असलंच तर – तिलाही उलगडलं नव्हतं.

मुंबई ते लुसाका अंतर आजही सहा हजार दोनशे किलोमीटरच आहे. मी अधूनमधून दोरा लावून पाहतो. दहाचा आकडा त्या सकाळी बोरगावच्या बागेत कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर आता मला ते नकोही आहे.

मागच्या दिवाळीत कुंदाबरोबर तीच भाची नवऱ्याला आणि पोरांना घेऊन सौंसरला आली होती. चांगली उंचनिंच, खणखणीत आवाजाची. मी मोठ्या कौतुकाने बाजारातून निवडून संत्री आणली, सोलून तिच्या हातात दिली. तिने एक फोड खाल्ली, तोंड वेडंवाकडं केलं आणि बाकीचं हळूच माझ्या ताटलीत सरकवलं. "मामा, राग मानू नका," ती म्हणाली, "मला लहानपणापासून संत्रं आवडतच नाही." कुंदा इतकी हसली, इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.